मिनिटभर मागे

मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते. आमच्याकडे येणाऱ्यांचं तोंड एकतर दुखत असतं, नाहीतर बधिर केलेलं असतं, त्यामुळे दोघांच्या वाट्याचं एकटीने बोलायची सवय मला तिथेच लागली. शनिवार-रविवार दवाखाना बंद, पण माझं तोंड चालूच. शेवटी आमच्या ह्यांनी एकदा वैतागून विचारलं, "हेच सगळं मैदानावर जाऊन बोलशील का?" अशी मी मुलींच्या फुटबॉल मॅचची कॉमेंटेटर झाले.

हे स्वतः शाळांना आणि सभागृहांना साउंड सिस्टिम भाड्याने देतात. कॅमेरा, लॅपटॉप, वायरींचं जंजाळ त्यांचं आणि जीभ माझी, अशी आमची वाटणी आहे. चौदा वर्षांखालच्या मुलींची लीग आम्ही इंटरनेटवरून थेट दाखवतो. बघणारे कोण, तर ड्यूटीवर अडकलेल्या आया, परगावी राहणारे मामा आणि गुडघ्यांमुळे घरी बसलेल्या आज्या. प्रक्षेपणात मुलींची नावं घ्यायची नाहीत असा लीगचा नियम आहे, म्हणून मी जर्सीच्या नंबरावर बोलते. दुसरा नियम असा, की कॉमेंटेटरने कुणाची बाजू घ्यायची नाही आणि मॅच चालू असताना कुठल्याही टीमशी अवाक्षर बोलायचं नाही. पिवळ्या टीमचा कोच माझा सख्खा मोठा भाऊ आहे आणि तिची गोलकीपर माझी भाची आहे. तरीही लीगने माईक माझ्याच हातात ठेवला, कारण आजवर माझ्या बोलण्यातून कुणालाही ते नातं कळलेलं नव्हतं. मला त्याचा फार अभिमान होता. होता म्हणते.

आता दादाबद्दल. दादा प्लंबर. आमच्या भागात ज्या घरात पाणी येतं त्या घरात दादा कधी ना कधी येऊन गेलेला असतो. दिवसभर लोकांच्या सिंकखाली आडवा पडतो आणि संध्याकाळी मुलींना फुटबॉल शिकवतो. मुली त्याला काका म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. त्याच्या शिकवण्याचं सूत्र एकच: माझा आवाज आला की डोकं बंद, पाय चालू. मुलींनी ते इतकं अंगी बाणवलं होतं, की तो कडेला उभा राहून नुसता शिंकला तरी दोघीतिघी धावत सुटायच्या.

दादाचा स्वभाव मात्र तापलेल्या तव्यासारखा. सेमीफायनलला रेफ्रीने पिवळ्यांचा एक गोल रद्द केला आणि दादा थेट मैदानात घुसला. रेफ्री त्याचं जुनं गिऱ्हाईक. "तुझ्या बाथरूममधला शॉवर कुणी बसवलाय?" दादाने त्याच्या नाकासमोर बोट नाचवत विचारलं. "संध्याकाळी येतो आणि उपटून नेतो. बस मग जन्मभर बादलीने आंघोळ करत." त्याच्या पुढे तो जे बोलला ते मी इथे सांगणार नाही. सांगायची गरजही नाही, कारण माझ्या माईकमधून ते घरोघरच्या आज्यांनी स्वच्छ ऐकलं होतं.

लीगच्या समितीने दोन निर्णय घेतले. पहिला, फायनलच्या दिवशी दादाने मैदानाच्या गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. दुसरा आमच्यासाठी होता: यापुढे प्रक्षेपण मिनिटभर उशिरा सोडायचं, म्हणजे कुणी असं काही बोललंच तर ते लोकांपर्यंत जायच्या आत आवाज बंद करता येईल. त्यासाठी ह्यांनी लॅपटॉपला एक लाल बटण जोडलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझा आवाज बंद करायचं बटण ह्यांच्या हातात आलं होतं, आणि तो आठवडाभर माणूस शीळ घालत घरात फिरत होता.

भाची मात्र पार मिटून गेली होती. पुढच्या मोसमात ती चौदा ओलांडणार, आणि मोठ्या मुलींची टीम आमच्याकडे नाही. म्हणजे फायनल ही तिची बापासमोरची शेवटची मॅच होती, आणि नेमका बापच तिथे नसणार होता. ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. वहिनीची हॉस्पिटलात दुपारपाळी असली की ती आमच्याकडेच जेवायला यायची.

"आत्या, मी इतकुशी होते तेव्हापासून त्याच्यासमोर गोलमध्ये उभी राहतेय," ती म्हणाली. "आणि त्याला माझ्यापेक्षा एक शॉवर मोठा वाटला."

मी, जिला बोलण्यावाचून दुसरं काही येत नाही, मी तिच्या ताटात अजून थोडा भात वाढला.

दादाही दोनदा येऊन दारातूनच परत गेला. "तिला सांग ना, माझं चुकलं म्हणून," असं मलाच म्हणाला.

"तू सांग की."

"ती ऐकतच नाही माझं."

"कुणावर गेलीये," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात ह्यांनी आमच्या घरी त्या मिनिटभराच्या उशिराची चाचणी घेतली. माईक गॅलरीत, फोन स्वयंपाकघरात. भाचीला गॅलरीत उभं करून टाळी वाजवायला सांगितलं. ती टाळी वाजवायची, धावत स्वयंपाकघरात यायची, पावाला जॅम लावायची, एक घास खायची, आणि तेवढ्यात फोनमधून तिचीच टाळी ऐकू यायची. तिला त्याचं इतकं हसू आलं, की ह्यांची चाचणी संपली तरी ती गॅलरी ते स्वयंपाकघर खेपा घालतच राहिली. त्या आठवड्यात ती हसलेली मी तेवढीच पाहिली. हे सगळं दादाला सांगायला हवं होतं, पण ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरात त्या वेळी त्याच्याशी धड बोलतच कोण होतं?

फायनलच्या दिवशी आम्ही आमच्या नेहमीच्या जागी चढलो. कपडे बदलायच्या खोल्यांचं सपाट छप्पर ही आमची जागा. तिथून एका बाजूला सगळं मैदान दिसतं आणि दुसऱ्या बाजूला मैदानाची उंच भिंत आणि तिच्या पलीकडचा रस्ता. मॅच सुरू व्हायच्या जरा आधी त्या रस्त्यावर टपावर पाइप बांधलेली एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. सरकतं दार उघडलं. आत दादा, टूलबॉक्सवर बसलेला, मांडीवर फोन, आणि कानांवर भिंत फोडताना घालायचे ते जाडजूड हेडफोन. गेटवर उभे असलेले लीगचे सचिव तरातरा त्याच्याकडे गेले. दादाने एक बोट भिंतीकडे केलं, दुसरं स्वतःकडे. भिंत तिथे, मी इथे. सचिव तसेच परत आले. त्यांचं काही चुकलं नाही, नियमात रस्त्याबद्दल काहीच नव्हतं.

दादाचा बेत साधा होता. भिंतीमुळे त्याला मैदान दिसत नव्हतं, पण बहिणीची कॉमेंटरी ऐकू येत होती. बहीण सांगेल तसं तो भिंतीवरून ओरडणार. बेत उत्तमच होता, फक्त बहीण जे सांगत होती ते त्याला मिनिटभराने ऐकू येत होतं. आणि हेडफोनमुळे मैदानावरचा दुसरा आवाज त्याच्या कानात शिरायचा प्रश्नच नव्हता. तसाही तो कुणाचं ऐकत नाही, त्या दिवशी तर कानही बंद केले होते.

मॅच सुरू झाली. पिवळ्यांची नऊ नंबर बॉल घेऊन सुसाट निघाली, मी तसं सांगितलं. निळ्यांनी बॉल काढून घेतला, मी तेही सांगितलं. बॉल इकडे तिकडे फिरून निळ्यांच्या अकरा नंबरकडे आला, ती पिवळ्यांच्या गोलकडे वळली, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून दादाचा तो सुप्रसिद्ध आवाज आला.

"पुढे! सगळ्या पुढे! नऊला साथ द्या!"

डोकं बंद, पाय चालू. झाडून सगळ्या पिवळ्या मुली पुढे धावल्या. अकरा नंबर बॉल घेऊन उलट्या दिशेने येत होती, तिच्या दोन्ही बाजूंनी त्या धावत निघून गेल्या. एकीने तर धक्का लागला म्हणून तिला सॉरीही म्हटलं. अकरा नंबर गोंधळून जरा थांबली, मागे वळून पाहिलं, समोर एकटी गोलकीपर दिसली, आणि तिने गोल मारला.

हा माणूस मिनिटापूर्वीच्या मॅचला कोचिंग करत होता, आणि मुली आत्ताच्या मॅचमध्ये त्याचं ऐकत होत्या.

मी माईकवर अगदी गोड आवाजात म्हटलं, "भिंतीबाहेरच्या श्रोत्यांनी कृपया लक्षात घ्यावं, आपण मिनिटभर मागे..." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि लाल बटण दाबलं. कोचशी बोलणं म्हणजे टीमशी बोलणं, नियम म्हणजे नियम. दादाच्या कानात त्या जागी शांतता गेली असणार. मी माईक बंद करून त्याला फोन लावला. तो ज्या फोनवर मॅच ऐकत होता त्याच फोनवर. वरून मला दिसत होतं, फोन वाजला तसा तो माशी हाकलावी तसा हात उडवून कट करत होता. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, "मॅच चालू आहे, अक्कल आहे का?" आणि ठेवून दिला. मीच सांगत होते ती मॅच.

मग मी छपराच्या कडेला जाऊन खाली वाकले. "सचिवसाहेब, जरा बाहेर जाऊन दादाला एवढं सांगता का, की..."

"मी नाही जाणार," सचिव वर न बघताच म्हणाले. "माझा गीझर त्याच्याकडे दुरुस्तीला आहे."

पुढे जे झालं ते मी कॉमेंटेटर म्हणून सांगू शकले हे माझं नशीब, कारण एरवी कुणाचा विश्वास बसला नसता. निळ्यांची कोच म्हणजे एक टापटीप मॅडम, शिट्टीलाही इस्त्री करून आणल्यासारख्या. दादाच्या डावपेचांचा त्यांनी मोसमभर अभ्यास केला होता. तो मागे म्हणाला की आपण पुढे जायचं, तो डावीकडे म्हणाला की आपण उजवी बाजू धरायची, असं त्यांनी आपल्या मुलींना पढवून ठेवलं होतं. झालं, आता निळ्याही मिनिटभर मागे. एकाच मैदानावर दोन मॅच चालल्या होत्या, एक आत्ताची आणि एक मघाची, आणि बॉल बिचारा दोन्हींमध्ये सापडला होता. रेफ्री शिट्टी तोंडात धरून नुसता गोल गोल फिरत होता. घरी शॉवर शाबूत असूनही तो घामाने निथळत होता.

पिवळ्यांना कॉर्नर मिळाला. पाच नंबरने बॉल कोपऱ्यात ठेवला. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "मागे! सगळ्या मागे या, धोका आहे!" पिवळ्या मागे पळाल्या. मॅडमनी शिट्टी फुंकली, "पुढे!" निळ्या त्यांच्या मागे पळाल्या. निळ्यांची गोलकीपर हा काय प्रकार आहे ते बघायला चार पावलं बाहेर आली. निळ्यांच्या गोलसमोर एकटी सहा नंबर राहिली, कारण ती खाली बसून बुटाची नाडी बांधत होती आणि नाडी बांधताना तिला दुसरं काही ऐकू येत नाही. पाच नंबरनेही नाइलाजाने कॉर्नर मारला. सहा नंबर उठून उभी राहायला आणि बॉल तिच्या गुडघ्यावर आदळायला एकच गाठ पडली. गोल.

"कुणी मारला?" सहा नंबरने विचारलं.

मला बोलता येईना. कॉमेंटेटर म्हणून मी आजवर खोकल्यासाठीसुद्धा थांबले नव्हते, आणि आता माईकवर नुसती खिदळत होते. ह्यांचेही खांदे हलत होते. हे इतके मोकळे हसलेले मी आमच्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा पाहिलेले नाहीत. पण आम्ही कुणाची बाजू घेत नव्हतो. आमचं हसू दोन्ही टीमना सारखं होतं.

मिनिटभराने व्हॅनमध्ये दादा उठून उभा राहिला, त्याचं डोकं टपाला आपटलं, तरी त्याने दोन्ही हात वर केले. "बघितलं?" तो रिकाम्या रस्त्याला ओरडून सांगत होता. "मी मागे बोलावलं म्हणून झाला!"

त्या सगळ्या गोंधळात दादाचं न ऐकणारी मुलगी एकच होती. "गोलकीपर, बाहेर ये!" असा आवाज आला की भाची जागची हलायची नाही. "खाली राहा!" म्हटलं की हवेत उडी मारायची. त्याचा आवाज आला की तिचे ओठ घट्ट मिटलेले मला एवढ्या लांबूनही दिसायचे. सगळ्या मैदानाला कळून चुकलं होतं, की पोरीने बापाशी उभा दावा मांडला आहे. निळ्यांची कॅप्टन, दहा नंबर, मोठी चलाख मुलगी. दादा ओरडला की ती आधी भिंतीकडे बघायची, मग भाचीकडे, आणि गालातल्या गालात हसायची.

हाफटाइमला भाची आमच्या छपराखाली पाणी प्यायला आली. मी खाली वाकून बघत होते. नुसतं बघणं नियमात बसत होतं. तिने तोंड पुसलं, वर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आत्या, तू काही बोलू नकोस. नियम आहे." आणि परत गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गॅलरीतल्या टाळ्या तिनेच तर वाजवल्या होत्या. बाप मिनिटभर मागे आहे हे खेळणाऱ्या मुलींपैकी फक्त तिला माहीत होतं, आणि तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनासुद्धा नाही. सांगितलं असतं तर त्या त्याचं ऐकायच्या थांबल्या असत्या. तिला त्याचा राग होता, पण भिंतीपलीकडे बसून त्याचं कुणीच ऐकू नये, एवढा नव्हता.

दुसरा हाफ सुरू झाला होता म्हणून मी नाक ओढलं आणि थ्रो कुणाचा आहे ते सांगितलं.

दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला नाही. होणार कसा, दोन्ही टीम चुकीच्या दिशांना पळून पळून दमल्या होत्या. एक-एकवर मॅच संपली आणि पेनल्टी आल्या. प्रत्येक टीमला पाच-पाच, आधी पिवळ्या, मग निळ्या, आळीपाळीने. पेनल्टीतही दादा मागेच. निळ्यांच्या एका मुलीने मारून झालं, मध्ये पिवळ्यांची एक मारून गेली, निळ्यांची पुढची बॉल ठेवायला लागली, की तेव्हा कुठे आधीच्या निळीसाठीचा सल्ला भिंतीवरून यायचा. भाची तो सल्ला ऐकायची आणि बरोबर त्याच्या उलट्या बाजूला झेप घ्यायची. हट्ट म्हणजे हट्ट. बॉल मात्र तिला एकही अडवता आला नव्हता. निळ्यांची एक पेनल्टी दांड्यावरून गेली ती त्यांच्याच चुकीने. निळ्यांची चार नंबर तिरकी धावत आली, भाची डावीकडे गेली, बॉल उजवीकडून आत. त्यानंतर पिवळ्यांनी आपली पाचवी मारली, आणि पिवळ्यांचे चार, निळ्यांचे तीन झाले. आता निळ्यांची शेवटची उरली होती. ती आत गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. अडवली, तर कप आपला. म्हणजे पिवळ्यांचा.

दहा नंबरने बॉल ठेवला. भाची रेषेवर उभी राहिली, हातमोजे एकमेकांवर आपटले. मैदान चिडीचूप झालं. मी काय बोलत होते मला आठवत नाही, पण बोलत असणार. आणि त्या शांततेत भिंतीवरून आवाज आला. तो चार नंबरसाठी होता, तिरकी धावत येणाऱ्या, केव्हाच गोल मारून बसलेल्या चार नंबरसाठी.

"उजवीकडे! उजवीकडे झेप घे, बाळा!"

दिवसभरात तो तिला बाळा म्हणाला नव्हता. दहा नंबरने भिंतीकडे पाहिलं. मग भाचीकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसली. धावत आली आणि बॉल उजव्या कोपऱ्यात मारला.

भाची आधीच तिथे होती. बॉल तिच्या मोज्याला लागला, खांबाला लागला, आणि जरा विचार करून बाहेर गेला.

"अडवला!" मी किंचाळले. "अगं माझी बाई गं, अडवला! माझ्या भाचीने अडवला, माझ्या दादाच्या पोरीने!" माईक हातात, तोंडाला पूर्णविराम नाही, डोळ्यांतून पाणी. एवढ्या वर्षांची निःपक्षपाती अब्रू मी एका दमात उधळली. मग मला ह्यांची आठवण झाली. हे लाल बटणावर बोट ठेवून बसले होते. माझं ते सगळं बोलणं बाहेर जायला अजून मिनिटभर होतं, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे विचाराला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात उचलला आणि खिशात घातला. (समितीने त्याबद्दल पुढच्या मोसमातली माझी पहिली मॅच काढून घेतली आहे. मी ती भिंतीबाहेरून ऐकणार आहे. दादाने व्हॅन देऊ केली आहे.)

खाली पिवळ्या मुली भाचीला उचलायला धावल्या, पण ती तिथे होतीच कुठे? त्यांच्यातून वाट काढत, कुणाला कोपर मारत, ती गेटकडे सुटली होती. मी कॉमेंटेटर, मला दिसेल ते सांगणं माझं काम. "गोलकीपर गेटमधून बाहेर पडली आहे," मी सांगत होते. "सचिव बाजूला झाले आहेत. ती भिंतीला वळसा घालते आहे. मोजे हातातच आहेत."

ती व्हॅनच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा दादाच्या हेडफोनमध्ये ती अजून गोलच्या रेषेवर उभी होती. दादाने मान वर केली. समोर मुलगी. कानात मुलगी तिकडे, डोळ्यांपुढे मुलगी इकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू इथे काय करतेस?" तो इतक्या जोरात ओरडला, की मला छपरावर ऐकू आलं. "पेनल्टी बाकी आहे! पळ! अगं परत पळ, ती बॉल ठेवतेय!"

भाचीने त्याचे हेडफोन काढले, त्यांची पिन फोनमधून उपटली आणि मोज्यासकट हात त्याच्या तोंडावर ठेवला. त्यानंतरचं बोलणं मला त्या दोघांनी संध्याकाळी वेगवेगळं सांगितलं, पण जुळतं तेवढं इथे सांगते.

"थांब," ती म्हणाली. "ऐक."

फोनमधून माझा आवाज यायला लागला. दहा नंबर धावते आहे. मग माझी ती किंकाळी, माझी बाई, माझी भाची, माझ्या दादाची पोरगी, सगळं जसंच्या तसं. दादाने फोनकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं. दुसऱ्यांच्या घरातली गळती बंद करण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण त्या वेळी त्याला स्वतःचे डोळे आवरेनात.

तिने हात काढला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी दिवसभर..."

"मिनिटभर मागे होतास."

"आणि तुला माहीत होतं?"

"हो."

त्याने जरा हिशेब जुळवला. "मग उजवीकडे का गेलीस? ते तर मी मागच्या मुलीसाठी ओरडलो असणार."

"त्या दहा नंबरला दिसत होतं ना, की मी आज तुझं काहीच ऐकत नाहीये," भाची म्हणाली. "मला वाटलं, ती उजवीकडेच मारणार. म्हणून ऐकलं." मग मोज्याच्या दोऱ्याशी चाळा करत म्हणाली, "आणि तू बाळा म्हणालास."

छपरावरून मला फक्त एवढं दिसलं, की दोघंही एकमेकांकडे बघत आहेत, ती दारात उभी आणि तो टूलबॉक्सवर. तिकडे गेटमधून पिवळ्या मुलींची फौज कप घेऊन रस्त्यावर यायला लागली होती, काकांना आत यायची बंदी असली तरी कपाला बाहेर जायची नव्हती. आणि व्हॅनमधल्या फोनवर माझा आवाज एकदाचा त्यांच्यापर्यंत पोहोचला.

"गोलकीपर पांढऱ्या व्हॅनपाशी आली आहे," मी मिनिटापूर्वी म्हणाले होते. "दादा, दार उघड."

दार तर उघडंच होतं. पण जन्मात पहिल्यांदा दादाने माझं ऐकलं. त्याने हात लांब करून ते आणखी थोडं सरकवलं आणि टूलबॉक्सवर तिच्यासाठी जागा केली.